शंका घे, पण माऊस सोडू नकोस

अगं, अशी चेहरा पाडून बसू नकोस. कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव झाला, ‘यंदा ग्रंथालयाचं संगणकीकरण करायचं’, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम येऊन पडलं तुझ्या एकटीच्या टेबलावर. देवघेव तूच सांभाळायची, सकाळी वर्तमानपत्रं तूच लावायची, वर्गणीच्या पावत्या तूच फाडायच्या, तपासणी आली की दप्तर तूच पुरं करायचं, आणि त्यात आता हे ऑनलाइन. प्रशिक्षणाला गेलीस तर पडद्यावर भराभर काय काय सरकत गेलं. परत येताना एसटीत तुझ्या डोक्यात एकच घोळत होतं ना, ‘एवढं सगळं कशासाठी? आपलं रजिस्टर काय वाईट होतं?’

खरं सांगू का, हा प्रश्न अजिबात चुकीचा नाही. मलाही पडला होता आणि अजूनही पडतो. कोणी नवं काही दाखवायला आलं की मी आधी पुरतं ऐकून घेते आणि मग विचारते, ‘याने माझ्या वाचकाचं काय भलं होणार?’ ग्रंथालयात बसणाऱ्या बाईने असंच असावं. पण शंका घेणं वेगळं आणि त्या वस्तूला हातच न लावणं वेगळं, बघ. शंका घेणारी बाई प्रत्येक पायरीला ‘का’ विचारते, म्हणून तीच नीट शिकते. तू शिकणार आहेस, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. फक्त घाबरून शिकू नकोस, पारखून शीक.

माझ्या शंकेला कारण होतं, तेही सांगते. २००६ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात, हेलेन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक कार्यक्रम आखला. तेवीस छोट्या गोष्टी आणि नऊ आठवडे. ब्लॉग उघडून बघा, फोटो चढवून बघा, पुस्तकांची यादी ऑनलाइन मांडून बघा. परीक्षा नाही, कोणी डोक्यावर उभं नाही. ज्याने त्याने आपापल्या गतीने करायचं. पूर्ण करणाऱ्याला गाणी ऐकायचा एमपीथ्री प्लेअर भेट. पुढे देशोदेशींच्या ग्रंथालयांनी हा कार्यक्रम उचलला. आता त्या काळातल्या सेवांकडे आज मागे वळून बघ. त्या तेवीस गोष्टींतलं डिलिशस, म्हणजे दुवे खूणशब्द देऊन साठवायचं साधन, बंद पडलं. त्याच सुमाराला गाजणारं ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरात बंद झालं, गूगल रीडर तर त्याआधीच, २०१३ च्या जुलैत. मागाहून मोठ्या थाटात आलेलं गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये गेलं. मग मनात येतंच ना, की आज मी डोळे फोडून जे शिकते आहे, ते उद्या असेल का?

याचं उत्तर मला सापडलंय, आणि ते मी मनापासून मानते. बटणं बदलतात, गं. पण एखाद्या लेखाला खूणशब्द कोणता द्यायचा, आपली माहिती बाहेर कशी काढायची, आपण लिहिलेलं कोणाकोणाला दिसतंय ते कसं तपासायचं, हे एकदा हातात बसलं की पुढच्या साधनालाही लागू पडतं. शार्लटच्या त्या कर्मचाऱ्यांचं डिलिशस गेलं. त्यावर खूणशब्द द्यायची जी सवय लागली ती राहिली. आणखी एक गोष्ट त्या कार्यक्रमाकडून घेण्यासारखी आहे. तिथे शिकणं हा कामाचाच भाग मानला होता. म्हणून तूही मंडळाला स्पष्ट सांग, ‘रोज देवघेव सुरू होण्याआधीचा थोडा वेळ मला शिकायला हवा, तो कामाच्याच वेळेत धरा.’ घरी जाऊन स्वयंपाक उरकल्यावर रात्री अकराला शिकू नकोस. त्या वेळी शिकलेलं डोक्यात राहत नाही आणि साधनाचा राग येतो तो वेगळाच.

आता पारखायचं कसं? मी तीन प्रश्न धरून चालते. तू हवं तर टेबलाच्या काचेखाली लिहून ठेव.

पहिला प्रश्न वाचकाचा. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, ती तू प्रमाणपत्र परीक्षेसाठी पाठ केलीच असशील. त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. कोणतंही साधन समोर आलं की विचार, कोणाचा वेळ वाचतोय? वाचकाचा, तुझा, की नुसत्या अहवालाचा? अहवालही लागतो, अनुदान त्याच्यावर अवलंबून असतं. पण ज्या साधनात वाचकाच्या वाट्याला काहीच येत नाही, ते शेवटी शीक.

दुसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. आपण भरलेल्या नोंदी उद्या सगळ्याच्या सगळ्या फाइलमध्ये काढून घेता येतील का? दाखवायला आलेल्या माणसाला हे तोंडावर विचार. तो म्हणेल, ‘मॅडम, त्याची गरजच पडणार नाही.’ तू म्हण, ‘पडली तर? आत्ता काढून दाखवा.’ कंपनी बंद होते, वर्षाची फी वाढते, माणूस फोन उचलेनासा होतो. आपली दाखल नोंदवही कोणाकडे गहाण पडता कामा नये.

तिसरा प्रश्न सभासदांचा. कोणी काय वाचलं, कोणाचा फोन नंबर काय, घर कुठे, हे आणखी कोणाला दिसतंय? यावर मी पुढे येतेच.

तीनपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर घाई करू नकोस. नव्या दुकानातला तांदूळ आपण आधी किलोभरच आणतो, शिजवून बघतो आणि मग पोतं घेतो ना? तसंच एक कपाट भरून बघ. सगळं ग्रंथालय पहिल्याच दिवशी त्या साधनाच्या ताब्यात द्यायचं नाही.

आता खऱ्या कामाकडे वळू. तुला वाटतंय, अवघड आहे ते सॉफ्टवेअर. बघ, सॉफ्टवेअर तुला थोड्या दिवसांत जमेल. अवघड आहेत ती नावं, आणि नावांच्या बाबतीत तुझ्याइतकं जाणकार त्या प्रशिक्षणाच्या खोलीत कोणी नव्हतं.

पु. ल. देशपांड्यांचंच बघ. एकीने लिहिलं ‘पु.ल.देशपांडे’, सगळं चिकटून. दुसरीने ‘पु. ल. देशपांडे’, मध्ये जागा सोडून. तिसरीने ‘देशपांडे पु. ल.’ आणि चौथीने पूर्ण नाव, ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’. तुझ्या-माझ्या लेखी माणूस एकच. संगणकाच्या लेखी चार लेखक. वाचकाने नाव टाकलं की कपाटातली निम्मी पुस्तकं यादीत येतच नाहीत आणि आपण सांगून मोकळे, ‘एवढीच आहेत.’ म्हणून पहिली नोंद करायच्या आधी नियम ठरव. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब आणि एक जागा. हा नियम कागदावर लिहून भिंतीला लाव आणि मदतीला येणाऱ्या मुलांकडूनही तसाच पाळून घे.

टोपणनावांचं तर विचारूच नकोस. आरती प्रभूंच्या कविता हव्या असलेल्या वाचकाला चिं. त्र्यं. खानोलकर या नावाखालच्या कादंबऱ्याही दिसायला हव्यात, कारण दोघे एकच. कुसुमाग्रजांची कविता एका नावावर आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकर या नावावर. तालिकेच्या कार्डांच्या काळात आपण ‘पाहा’ म्हणून वेगळं कार्ड लावत होतो, आठवतं ना? तेच काम इथे करायचंय. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते, साध्या तक्त्यात काम करत असशील तर ‘इतर नाव’ असा एक रकाना वाढव. संगणकाला खानोलकर ठाऊक नाहीत, गं. तुला आहेत.

टायपिंगचंही एक नीट समजून घे, कारण इथेच बायका रडकुंडीला येतात. पूर्वी कोणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये याद्या करून ठेवल्या असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळं अगम्य इंग्रजी अक्षरांसारखं दिसतं. फाइल बिघडलेली नसते, तिची अक्षरं वेगळ्या पद्धतीने साठवलेली असतात. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतरानंतर प्रत्येक पान डोळ्यांखालून घाल, कारण जोडाक्षरं आणि रफार हटकून कुठेतरी सरकतात. आणि नवं जे काही टाइप करशील, ते युनिकोडमध्येच कर. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलीस तर फार छान. नाही जमला तर उच्चारानुसार टाइप करायची सोय वापर. त्यात कमीपणा काही नाही.

आता एक बारीक गोष्ट. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव घे. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात, पण आत वेगळे असल्यामुळे एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं पुस्तक सापडेलच असं नाही. पुस्तक समोर फडताळात उभं आहे आणि यंत्र सांगतंय ‘नोंद नाही’! अशा वेळी स्वतःला दोष देऊ नकोस आणि यंत्रावरही चिडू नकोस. शोधताना अडचणीचं अक्षर टाळ, नुसतं ‘वरात’ टाक. आणि नोंदी करताना सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा हे आधीच ठरवून टाक.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे तू विचारणारच. आपल्यासारख्या ग्रंथालयांपुढे मुख्यतः दोन नावं येतात. एक ई-ग्रंथालय, आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने तयार केलेलं. दुसरं कोहा. कोहाची जन्मकथा मला फार आवडते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. त्यांनी १९९९ साली कटिपो नावाच्या तिथल्या कंपनीकडून नवी प्रणाली बनवून घेतली, २००० च्या जानेवारीत ती वापरात आली, आणि ती त्यांनी सगळ्या जगाला खुली करून दिली. आज देशोदेशींची ग्रंथालयं ती वापरतात. मला यातलं हे भावतं, की आपली गरज ओळखून साधन घडवून घेणारे शहरगावचे बडे लोक नव्हते, एका आडबाजूच्या भागातल्या ग्रंथालयांची माणसं होती.

पण मंडळात कोणी ‘फुकट आहे, घेऊन टाका’ म्हणालं, तर थांबव. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते चालवायचं यंत्र, त्याची देखभाल, अडलं तर येणारा जाणकार, या सगळ्याला पैसे लागतात. ते आधी कागदावर मांडून घे. आणि ‘पुस्तकामागचा आयएसबीएन टाकला की सगळी माहिती आपोआप येते’, यावर फार विसंबू नकोस. नव्या पुस्तकांपैकी काहींना ते जमतं. आपल्याकडच्या जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो, त्यांच्या नोंदी हातानेच कराव्या लागतात. मुखपृष्ठावरून नोंद करू नकोस, आतलं नामपृष्ठ उघड. अनुवादकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशनाचं साल तिथे आणि त्याच्या मागच्या बाजूला मिळतं. हे तुला कोणी शिकवायला नको, पण संगणकासमोर बसलं की घाईत नेमकं हेच सुटतं.

आणि ऐक, दाखल रजिस्टर बंद करायचं नाही. काही महिने दोन्ही चालू दे. दुप्पट काम वाटेल, मला कल्पना आहे. पण आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात वीज कधी जाईल नि नेट कधी तुटेल याचा नेम नसतो. दारात भिजत आलेल्या वाचकाला ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून परत पाठवायचं का? वहीत लिही, पुस्तक दे आणि वीज आली की नोंद चढव.

आता जिथे माझी शंका विरघळली, ते सांगते. दिवाळी अंक! १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली परंपरा. प्रत्येक ग्रंथालयात बांधीव अंकांचे गठ्ठे असतात, पण रजिस्टरात काय लिहिलेलं असतं? अंकाचं नाव, साल, किंमत. आत कोणाची कथा आहे, कोणता लेख आहे, कुठेच नोंद नाही. म्हणून मी साध्या तक्त्यात अनुक्रमणिका उतरवायला घेतल्या. लेखक, शीर्षक, अंक, साल, पान आणि विषयाचे दोन-तीन खूणशब्द. दुपारी गर्दी नसली की थोडं थोडं.

एकदा शाळेतल्या बाई आल्या. मुलांच्या प्रकल्पासाठी त्यांना देवराईवर काहीतरी मराठीत हवं होतं, आणि पुस्तक तर आपल्याकडे नव्हतं. मी तक्त्यात ‘देवराई’ टाकलं. एक लेख आला. बाई तेवढ्यावर खूश होत्या. पण आपल्याकडची जुनी माणसं देवरहाटी म्हणतात ना? ते टाकून बघितलं तर आणखी लेख निघाले, वेगवेगळ्या अंकांतले, त्यातला एक तर आपल्याच जिल्ह्यातल्या गावाबद्दल. गठ्ठे खाली काढले, धूळ झटकली, पानं उघडून समोर ठेवली. बाई तिथेच बाकावर बसून उतरवून घ्यायला लागल्या. मला त्या दिवशी खरंच पटलं, बघ. नुसत्या यंत्राला देवरहाटी सुचली नसती, आणि नुसत्या मला त्या गठ्ठ्यांतला नेमका अंक आठवला नसता. त्यानंतर त्या नोंदींत मी दोन्ही शब्द घातले, म्हणजे पुढच्या वाचकाला माझ्या आठवणीवर अवलंबून राहायला नको.

हे काम तूही कर, असा माझा आग्रह आहे. बाहेरचं कोणी येऊन तुझ्या कपाटातल्या अंकांच्या अनुक्रमणिका भरून देणार नाही. फक्त तक्ता दुसरीकडे नेताना एक लक्षात ठेव. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसल्या, तर घाबरून ती तशीच सेव्ह करू नकोस. ती बंद कर आणि आत घेताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवड. अक्षरं जागेवर येतात.

आता सभासदांच्या नंबरांचं. नव्या पुस्तकांची माहिती द्यायला सगळे म्हणतात, ‘व्हॉट्सॲप ग्रुप काढा.’ अगं, ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आपल्या सभासदांत कॉलेजच्या मुली आहेत, एकट्या राहणाऱ्या आज्या आहेत. त्यांनी नंबर ग्रंथालयाला दिलाय, गावाला दिलेला नाही. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट कर. निरोप सगळ्यांना जातो, पण एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एवढंच, की ज्यांनी ग्रंथालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो पोचतो, म्हणून वर्गणी घेतानाच ‘आमचा नंबर सेव्ह करा’ असं सांग. तसंच मुदत उलटलेल्यांची यादी नावानिशी कुठेही टाकायची नाही, ज्याचं त्याला सांगायचं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झालाच आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कोण काय वाचतं, हे ग्रंथपालाच्या पोटात राहिलं पाहिजे.

पीडीएफचंही तसंच. कोणीतरी येईल आणि म्हणेल, ‘ताई, हे पुस्तक स्कॅन करून पाठवा ना, सगळ्यांनाच उपयोग होईल.’ गोड बोलून नाही म्हण. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत झालेल्या प्रकाशनावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या त्या पुस्तकांवरचा हक्क २०१० अखेर संपला. पु. ल. गेले २००० साली, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. हा हिशेब एकदा समजला की उत्तर देताना आवाज अडखळत नाही. आणि नुसतं नाही म्हणून थांबू नकोस. हक्क संपलेली कितीतरी पुस्तकं अधिकृतपणे ऑनलाइन मिळतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. आयआयटी खडगपूरने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. वाचकाला तिथपर्यंत हात धरून ने. तेही आपलंच काम आहे.

पासवर्डबद्दल मी जरा दटावूनच सांगणार आहे. ग्रंथालयाचं ईमेल, सॉफ्टवेअरचं खातं, सगळं ग्रंथालयाच्या नावाने आणि ग्रंथालयाच्या फोन नंबरावर काढायचं, तुझ्या स्वतःच्या नंबरावर नाही. नाहीतर तू बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर जाशील आणि ओटीपी येईल तुझ्या फोनवर, रात्री-अपरात्री. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून कपाटात ठेव. किल्ली तुझ्याकडे आणि एक कार्यवाहांकडे. मॉनिटरला चिकटवायचा नाही. आठवड्यातून एक वार ठरव आणि त्या दिवशी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढ. तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवू नकोस. छप्पर गळलं तर दोन्ही एकदम भिजतील.

आता तू म्हणशील, ‘ताई, म्हणजे तुमची शंका गेली की!’ नाही गं, सगळी नाही गेली. काही बाबतीत मी अजून तशीच ठाम आहे. पडद्याकडे बघत वाचकाशी बोलणं मला पटत नाही. काका समोर उभे राहिले की आधी त्यांच्याकडे बघायचं, ‘मागचं पुस्तक कसं वाटलं’ विचारायचं, मग नोंद. कोणी म्हणालं, ‘हवं ते पुस्तक वाचक आता स्वतःच ऑनलाइन शोधतील’, तर मी म्हणते, शोधू देत, पण ज्यांना ते जमत नाही त्यांना विचारायला माणूस लागतोच. कितीतरी आज्या नुसतं ‘काहीतरी चांगलं दे’ एवढंच म्हणतात. त्यांना गेल्या वेळी काय आवडलं होतं, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मोठ्या टायपाचं काय चालेल, हे तुला ठाऊक असतं. ते कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. ही शंका मी जन्मभर जपणार आहे आणि तूही जप.

शिकायचं कसं, ते शेवटी सांगते. सगळं एकदम शिकायला बसू नकोस. हातात एक काम घे आणि त्या कामापुरतं शीक. एक वही कर, त्यात प्रत्येक पायरी तुझ्या शब्दांत लिही, ‘डावीकडे वर तीन रेघा आहेत, तिथे दाबायचं’ अशी. बटणाचं इंग्रजी नाव लक्षात राहिलं नाही तरी चालतं. कॉलेजचा एखादा मुलगा मदतीला बोलाव, खुशाल बोलाव, पण माऊस त्याच्या हातात देऊ नकोस. तो भराभर करून दाखवेल, तुला छान वाटेल, आणि तो गेला की तू पुन्हा होतीस तिथेच. ‘तू सांग, मी करते’ म्हण. त्याला कंटाळा आला तर चहा पाज. आणि पुन्हा पुन्हा विचारायची लाज अजिबात बाळगू नकोस. वाचक तुला तेच तेच विचारतात तेव्हा तू कुठे कंटाळतेस?

तर उद्या एवढंच कर. चरित्रांचं कपाट घे, ते लहान आहे. नावांचा नियम लिहून भिंतीला लाव. पहिल्या फळीवरची पुस्तकं खाली काढ, नामपृष्ठ उघड आणि नोंदी करायला लाग. फळी पूर्ण झाली की नोंदींची प्रत काढ, आणि मग कोणत्याही एका वाचकाला बोलावून सांग, ‘तुम्ही शोधून बघा, सापडतंय का?’ सापडलं तर दुसरी फळी घे. नाही सापडलं, तर का नाही ते शोध. तुला ते शोधता येईल. मंडळाला महिन्याच्या सभेत या एका कपाटाचा हिशेब दे, आणि पुढच्या कपाटाला किती वेळ लागेल ते तूच सांग, त्यांना ठरवू देऊ नकोस. आणि कुठे अडलीस तर दुपारी फोन कर. दोन ते तीन माझी जेवणाची सुट्टी असते, मी उचलते.